मधे उभी राहिलेली माणसं

८ नोव्हेंबर १९८७, रविवार. उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावात महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांना मानवंदना देण्यासाठी लोक स्मारकाजवळ जमले होते. पावणेअकराच्या सुमाराला, उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळा करण्यासाठी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने शेजारच्या इमारतीत दडवलेला बॉम्ब फुटला आणि भिंत गर्दीवर कोसळली. त्या दिवशी ११ माणसं गेली. कापडाचे व्यापारी गॉर्डन विल्सन आणि त्यांची २० वर्षांची मुलगी मरी ढिगाऱ्याखाली एकमेकांचा हात धरून पडले होते. मरी बेलफास्टच्या रुग्णालयात नर्स होती. बाहेर काढल्यावर काही तासांतच तिने प्राण सोडला.

त्याच संध्याकाळी विल्सन बीबीसीशी बोलले. मारेकऱ्यांविषयी आपल्या मनात आकस नाही, आज रात्री आणि रोज रात्री आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू, असं ते म्हणाले. ‘क्षमा’ हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. तरीही काहींना हे बोलणं रुचलं नाही. गुन्हेगाराने पश्चात्तापच केला नसेल तर माफी कसली, हा त्यांचा सवाल होता. तो रास्तच होता. ज्याचं माणूस गेलं त्याच्याकडे मोठ्या मनाची मागणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही, चर्चलाही नाही.

विल्सन मेथडिस्ट होते. १९९३मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या बॉम्बस्फोटात दोन लहान मुलगे मारले गेले, तेव्हा हिंसा थांबवा असं सांगायला ते स्वतः आयआरएच्या माणसांना भेटले. हाती काहीच लागलं नाही. ‘भाबडा’ म्हणून टीका मात्र सोसावी लागली.

उत्तर आयर्लंडमधलं भांडण होतं ब्रिटनसोबत राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं याचं, आणि घरं, नोकऱ्या, मतांचा हक्क यांचं. पण त्यातल्या बाजू कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा नावांनी ओळखल्या जात. तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसं मेली. धर्मपीठावरून आग ओतणारेही होतेच. फ्री प्रेस्बिटेरियन पाद्री आणि राजकीय नेते इयन पेस्ली यांनी १९८८मध्ये युरोपीय संसदेत पोप जॉन पॉल दुसरे यांना भर सभागृहात ‘ख्रिस्तविरोधी’ म्हटलं.

त्याच वर्षी मार्च महिन्यात बेलफास्टमध्ये एका आयआरए सदस्याची अंत्ययात्रा चालली होती. साध्या कपड्यांतल्या दोन ब्रिटिश सैनिकांची गाडी त्या गर्दीत घुसली. जमावाने त्यांना खेचून काढलं, मारहाण केली. क्लोनार्ड मठाचे फादर ॲलेक रीड त्यांना वाचवण्यासाठी मधे पडले, पण त्यांना दम देऊन उठवण्यात आलं. मोकळ्या जागेत सैनिकांवर गोळ्या झाडल्या गेल्यावर रीड धावले, तोंडाने श्वास देऊन पाहिला आणि मग मरणाऱ्यांसाठीची प्रार्थना म्हटली. चेहऱ्यावर रक्त असलेले, प्रेताशेजारी गुडघे टेकलेले रीड छायाचित्रातून जगाने पाहिले.

त्या वेळी त्यांच्याजवळ एक पाकीट होतं. राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम यांना देण्यासाठी आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाने पाठवलेला वाटाघाटींचा मसुदा त्यात होता. पाकिटाला रक्त लागलं होतं. रीड मठात गेले, पाकीट बदललं आणि कागद ह्यूम यांच्याकडे पोचवला. १९९८च्या गुड फ्रायडे शांतता कराराकडे नेणारी वाट अशा गुप्त निरोपांतून तयार झाली. शत्रूवर प्रेम करा हे वचन प्रवचनातून ऐकायला सोपं असतं; त्या दुपारी ते पाळायला काय लागलं असेल, याचा अंदाज करणंही अवघड आहे.

प्रोटेस्टंटांतही अशी माणसं होती. प्रेस्बिटेरियन पाद्री रे डेव्ही दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे कैदी होते आणि ड्रेस्डेनवरचा बॉम्बवर्षाव त्यांनी पाहिला होता. परतल्यावर १९६५मध्ये, दंगली पेटण्याआधीच, त्यांनी बॅलीकॅसलजवळ कॉरिमीला हे केंद्र उभारलं. दोन्ही बाजूंची माणसं तिथे एकत्र जेवत, राहत आणि बोलत. सत्तरच्या दशकात मेथडिस्ट पाद्री हॅरल्ड गुड यांनी या केंद्राचं काम सांभाळलं. आयआरएने शस्त्रं नष्ट केली तेव्हा, २००५मध्ये, धर्मगुरूंपैकी दोन साक्षीदार होते: हेच गुड आणि फादर रीड. दोन वर्षांनी पेस्ली आयआरएचे माजी नेते मार्टिन मॅगिनेस यांच्यासोबत सरकारात बसले.

पण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं अजून बहुतांशी वेगवेगळ्या शाळांत जातात. दोन्ही समाजांसाठी मुद्दाम काढलेली पहिली शाळा, लगन कॉलेज, १९८१मध्ये पालकांनी २८ मुलांनिशी सुरू केली. आजही अशा एकत्र शाळांत दहातलं एक मूलही जात नाही, आणि बेलफास्टमध्ये दोन्ही समाजांच्या वस्त्यांना वेगळं करणाऱ्या भिंतींची काही फाटकं रात्री बंद होतात.