क्रीममधला पारा अंगात गेला तर? ‘सफाईचं सलाइन’ लावण्याआधी हे वाचा

अकोला / मुंबई : अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या बिघडल्या आणि कारण शोधता शोधता गोष्ट गोरं करणाऱ्या क्रीमपर्यंत पोचली. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर गाजली. परळच्या केईएम रुग्णालयातल्या किडनीच्या डॉक्टरांनी धागा पकडला, क्रीम तपासायला पाठवली आणि तिच्यात पारा निघाला. तोही मर्यादेच्या कितीतरी पट. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने परवानगीच नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच सूट.

तेव्हापासून एक प्रश्न वारंवार येतो. अंगातला पारा काढायचं औषध कोणतं?

या उपचाराला ‘किलेशन’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. पाऱ्याला गंधकाची ओढ फार. म्हणून या औषधांच्या रेणूत गंधक असतं. ते पाऱ्याला नांगीत धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. पण नांगी फक्त पाराच धरते असं नाही. अंगाला लागणारं जस्त, तांबंही सोबत जातं. त्यामुळे औषध निवडताना डॉक्टर आधी दोन गोष्टी बघतात : पारा कोणत्या प्रकारचा आणि किडनी किती चालते.

सगळ्यात जुनं औषध बाल, म्हणजे डायमरकॅप्रॉल. दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूवर उतारा म्हणून इंग्लंडमध्ये तयार झालं. ते शेंगदाणा तेलात कालवलेलं असतं आणि कमरेत खोलवर टोचतात, भयंकर दुखतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं. माशांतून येणाऱ्या मिथाइल पाऱ्यावर मात्र हे चालत नाही, उलट पारा मेंदूकडे सरकण्याची भीती असते.

त्यानंतरची डीएमएसए आणि डीएमपीएस ही औषधं जास्त सोसवतात. डीएमएसएची कॅप्सूल तोंडाने घ्यायची, नासक्या अंड्यासारखा वास सहन करायचा. पण गावच्या मेडिकलात ती मिळेल ही आशा नको. डी-पेनिसिलामाइन त्या मानाने मिळतं, पण खोच अशी की ते स्वतःच किडनीच्या गाळणीला इजा करू शकतं आणि पांढऱ्या पेशी कमी करू शकतं. म्हणजे ज्या किडनीसाठी औषध घ्यायचं, तिलाच मार. म्हणून रक्त-लघवी तपासत राहिल्याशिवाय हे घेऊच नये.

शहरात ‘डिटॉक्स’च्या नावाखाली इडीटीएचं सलाइन लावतात. इडीटीए शिशावरचं औषध, पाऱ्यावर त्याचा उपयोग नाही. त्यातला चुकीचा प्रकार लावला तर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं; त्यात माणसं दगावली आहेत. आधी औषध देऊन मग लघवी तपासायची आणि ‘बघा, किती पारा निघाला’ म्हणायचं, हीही चलाखीच. औषध दिल्यावर निरोगी माणसाच्या लघवीतही पारा जास्तच दिसणार. दातात भरलेल्या चांदीसाठी तर किलेशनची गरजच नाही.

खरी तपासणी औषधाआधीची. क्रीमच्या पाऱ्यासाठी २४ तासांची लघवी, सोबत रक्त. आणि पहिला उपचार क्रीम बंद करणं. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये किडनीच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत एक ठरावीक खूण सापडली आणि १५ पैकी १३ जण असलं क्रीम लावत होते. क्रीम सुटल्यावर बहुतेकांची किडनी सावरत गेली. म्हणजे सगळ्यांनाच किलेशन लागतं असं नाही. पारा किती, हात थरथरतात का, मुंग्या येतात का, यावर ते ठरतं.

पायाला सूज, लघवीला साबणासारखा फेस, अचानक वाढलेलं बीपी दिसलं तर आधी जिल्हा रुग्णालय गाठा, तिथून गरज पडली तरच परळची वाट. जाताना क्रीमची डबी खोक्यासकट न्या, रिकामी असली तरी. तिच्यावर ‘सोन्या-चांदीला लावू नका’ असं लिहिलेलं असेल किंवा बनवणाऱ्याचा पत्ताच नसेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. घरातल्या लेकरांचीही तपासणी करून घ्या. एका उशीवर झोपणाऱ्या लेकराच्या अंगालाही आईच्या गालावरचं क्रीम लागतंच.