मुंगसाचे अनेकवचन

इंग्रजीतले अनेकवचन म्हणजे मोठे लहरी प्रकरण! शब्दाला 'एस' जोडा, असे पुस्तक सांगते. आमच्या अवसरी बुद्रुकचे एखादे पोर ते इमानेइतबारे पाळते आणि 'ऑक्स'चे 'ऑक्सेस' करते. लगेच तांबडी फुली. म्हणे 'ऑक्सन' हवे! 'हाऊस'चे 'हाऊसेस', तर 'माऊस'चे 'माइस' का? 'शीप' मात्र एक असो की कळपभर, 'शीप'च. पोराला वाटते, आपलेच डोके अधू.

माझे म्हणणे असे, की दोष डोक्याचा नव्हे. जुन्या इंग्रजीत अनेकवचनाच्या कितीतरी तऱ्हा होत्या. पुढे 'एस'ने बहुतेक शब्द काबीज केले. रोज तोंडी असणारे काही थोडे शब्द जुन्याच वळणावर राहिले.

आणि आपली मराठी काय कमी आहे? वीट-विटा, घर-घरे, पण दगड-दगड! गोठ्यात एक बैल, दोन बैल. 'आला'चे 'आले' झाले म्हणजे संख्या कळायची. आमच्या शेजारी अवसरी खुर्द आहे. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. 'दोन्ही अवसऱ्या' म्हटले, की गावाच्या नावाचेही अनेकवचन झाले. ते कुणी फळ्यावर शिकवलेले नाही.

खरी मौज मुंगसाची. इंग्रजीतला 'मॉन्गूस' हा आपल्या मराठी मुंगसावरून गेलेला शब्द. 'गूस' हा बदकाच्या कुळातला पक्षी. त्याचे अनेकवचन 'गीस'. पण मुंगसाचे 'मॉन्गीस' होत नाही, 'मॉन्गूसेस' होते. नावात 'गूस' दिसला, तरी त्या पक्ष्याशी आमच्या बांधावरच्या मुंगसाचे नाते नाही!

कधी कधी तर चूकच शिष्ट ठरते. वाटाण्याला इंग्रजीत पूर्वी 'पीझ' म्हणत. शेवटचा 'झ' अनेकवचनाचा, अशा समजुतीने लोकांनी तो तोडला आणि १७ व्या शतकात 'पी' हे नवे एकवचन जन्मले. आज तेच शुद्ध.

'यू' हे तर मूळचे अनेकवचन. एकट्याला 'दाऊ' म्हणत. मग आदराने एकट्यालाही 'यू' म्हणू लागले आणि 'दाऊ' मागे पडला. म्हणून समोर एकच माणूस असला तरी 'यू आर'. आपण नाही का 'गुरुजी आले' म्हणत?

तेव्हा गुरुजींनी फुली जरूर मारावी. परीक्षेला 'ऑक्सन'च लागते. पण शेजारी 'नियम बरोबर लावलास, शब्द मात्र जुन्या वळणाचा निघाला' एवढे लिहावे. पोराची इंग्रजीची धास्ती तेवढ्यानेही निम्मी होईल.