४१२ बरोबर ४१२, तरी गडबड!

सबमिशनला दोन दिवस उरलेले. हिमरू विणकरांवरची आमची डॉक्युमेंटरी एडिट करायची होती आणि लॅपटॉप ‘जागा नाही’ म्हणून अडून बसलेला. फुटेज हार्डडिस्कवर कॉपी केलेलं होतंच. दोन्ही फोल्डर पाहिले. इकडे ४१२ फाइल्स, तिकडेही ४१२. मग काय, लॅपटॉपवरचं उडवू या!

बीसीएवाला रूममेट म्हणाला, ‘‘थांब ना भावा. आकडा जुळला म्हणजे माल जुळला असं नसतं.’’

त्यानं ती काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल उघडलं. टाइप केलं ‘डिफ’, पुढे ‘डॅश आर क्यू’, मग दोन्ही फोल्डरचे पत्ते. एंटर. ‘आर’ म्हणजे आतल्या फोल्डरांतही शिर. ‘क्यू’ म्हणजे फरक उलगडत बसू नको, फक्त कुठल्या फाइलमध्ये आहे ते सांग. ही कमांड नुसती नावं बघत नाही, फाइलच्या आतलंही ताडते. म्हणून व्हिडिओंना वेळ लागतो.

चहा पिऊन आलो तर स्क्रीनवर तीनच ओळी. एक ऑडिओ फक्त लॅपटॉपमध्ये. एक डुप्लिकेट क्लिप फक्त हार्डडिस्कवर; तिच्यामुळेच आकडा जुळला होता. आणि तिसरी ओळ वाचून पोटात गोळाच आला. विणकर आजोबांची मुलाखत दोन्हीकडे होती, नाव तेच, पण आतून वेगळी. कॉपी होताना वायर हलली असावी. हार्डडिस्कवर अर्धीच पोचली होती. पूर्ण मुलाखत फक्त लॅपटॉपवर होती आणि मी तीच पुसायला निघालो होतो!

डिफ काही आजची नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी ती लिहिली आणि १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीसोबत ती बाहेर पडली. पण हे काम आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी झालंय. इथून जेमतेम पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणचे संत एकनाथ. नकला करताना ज्ञानेश्वरीत चुकीचे पाठ शिरले होते. नाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. तेही टर्मिनलशिवाय!

तुम्हालाही करून बघायचंय? लिनक्स आणि मॅकमध्ये डिफ असतेच. विंडोजवाल्यांनी गिट बॅश टाकावं. पॉवरशेलमध्ये ‘डिफ’ लिहिलं तर भलतीच कमांड चालते. घाबरू नका, डिफ फक्त वाचते, काही पुसत नाही. आणि फरक नसेल तर ती चक्क गप्प बसते.

आम्ही त्या दोन फाइल्स पुन्हा कॉपी केल्या, डुप्लिकेट काढली, कमांड परत चालवली. स्क्रीनवर एकही ओळ नाही. मगच लॅपटॉपवरचं फोल्डर पुसलं.