उसने इंजिन आणि रसिकांची पारख

बुलढाणा जिल्ह्याच्या देऊळगावराजा, सिंदखेडराजा, मेहकर आणि लोणार या तालुक्यांतून मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग सुमारे ८७ किलोमीटर धावतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. तेव्हापासून या भागातील तरुणांच्या दृष्टीस एक नवेच विश्व पडू लागले आहे. मालमोटारी आणि प्रवासी बसगाड्यांच्या रांगेतून क्वचित एखादी बुटकी, रुंद, दोनच आसनांची मोटार वाऱ्यासारखी निघून जाते. तिचे रूप पाहून तरुण हरखून जातात, हे स्वाभाविकच आहे. परंतु हरखून जाणे वेगळे आणि पारख करणे वेगळे. मोटारीच्या खऱ्या रसिकांकडून काही शिकण्यासारखे असेल, तर ते हेच.

अशा मोटारींपैकी ज्यांना रसिक सर्वाधिक मान देतात, त्यांचे इंजिन नेहमीप्रमाणे पुढच्या झाकणाखाली नसते. ते चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या अलीकडे बसवलेले असते. या रचनेचे मर्म खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या नेणाऱ्या शेतकऱ्यांच्या पिढ्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. ओझे पुढे सरकले तर जू बैलांच्या मानेवर बसते; मागे सरकले तर गाडी उलाळते. ओझे आसाजवळ नीट तोलून भरणे यातच गाडीवानाचे कौशल्य. मोटारीतील सर्वांत जड वस्तू मध्याजवळ आणली की मोटार वळणावर चटकन वळते आणि मागील चाकांची जमिनीवरची पकडही वाढते. दोन घागरी अंगाशी धरून गिरकी घेणे सोपे, हात पसरून घेणे अवघड, तसाच हा प्रकार. मात्र या गुणातच दोषही दडलेला आहे. पकड सुटली की अशी मोटार तितक्याच चटकन गिरकी खाते आणि नवख्या चालकास सावरण्यास अवधी देत नाही. शिवाय सामानास जागा थोडी, मागचे दिसणे कठीण आणि दुरुस्तीसाठी इंजिनापर्यंत पोहोचणे त्याहून कठीण.

महाराष्ट्राच्या भूमीवर या जातीची मोटार तयार करण्याचा एक गाजलेला प्रयत्न झाला. दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात 'अवंती' ही कूपे मांडली आणि पुढे पुणे परिसरातील कारखान्यात तिची बांधणी झाली. भारतीय बनावटीची पहिली 'स्पोर्ट्स कार' असा तिचा गाजावाजा झाला. त्याआधी १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनांची छोटी उघडी मोटार निघाली होती. परंतु तिचे इंजिन पुढे होते. अवंतीचे इंजिन मधोमध होते आणि किंमत पस्तीस लाख रुपयांच्या आसपास होती. परदेशी बनावटीच्या तशाच मोटारींच्या मानाने ही किंमत फारच थोडी म्हणावी लागेल.

अवंतीविषयी रसिकांमध्ये दोन तट पडले. एका पक्षास तिच्या रूपाचा आणि धाडसाचा अभिमान वाटला. ज्या देशात मोटार म्हणजे कुटुंबास नेणारे वाहन एवढीच कल्पना अनेक दशके रूढ होती, तेथे कोणी केवळ चालवण्याच्या आनंदासाठी मोटार बनवतो, हेच त्यांना मोठे वाटले. दुसऱ्या पक्षाने आतील कामाच्या सफाईवर बोट ठेवले आणि मुख्य आक्षेप घेतला तो इंजिनावर. दोन लिटरचे, सुमारे अडीचशे अश्वशक्तीचे ते इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे होते. शरीर आपले आणि हृदय उसने, मग या मोटारीस स्वदेशी कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न होता. गोव्याच्या मोटारीचे इंजिनही रेनॉचेच होते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाची धार आणखी जाणवते.

हा आक्षेप रास्त असला तरी पुरेसा नाही. १९५९ साली इंग्लंडच्या कूपर या लहानशा कारखान्याने फॉर्म्युला वनचे विजेतेपद मिळवले आणि शर्यतीच्या मोटारीचे इंजिन चालकाच्या मागे नेऊन त्या खेळाचे स्वरूपच पालटून टाकले. कूपरचे इंजिन तरी स्वतःचे कोठे होते? आग विझवण्याच्या पंपांची इंजिने बनवणाऱ्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीकडून ते घेतलेले होते. तेव्हा उसनवारी हे पाप नव्हे. उसने घेतलेल्या वस्तूभोवती स्वतःचे ज्ञान उभे राहिले की नाही, हा खरा प्रश्न आहे. कूपरने तोल, चौकट आणि चाकांची बैठक यांवर मेहनत घेतली, शर्यतीमागून शर्यत दोष शोधले आणि त्यातून विद्या निर्माण केली.

अमेरिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील कॉर्व्हेट ही मोटार १९५३ पासून पुढच्या इंजिनाची. इंजिन मध्यात न्यावे म्हणून तिचे अभियंते १९६० पासून प्रायोगिक गाड्या बांधत होते. प्रत्यक्षात तशी कॉर्व्हेट लोकांपुढे आली ती जुलै २०१९ मध्ये. तेव्हाही रसिकांचे एकमत झाले नाही. तोल सुधारला म्हणून कित्येकांनी स्वागत केले. हाताने गिअर बदलण्याची सोय उरली नाही म्हणून कित्येक हळहळले. साठ वर्षांच्या प्रयोगांनंतरही टीका सहन करण्याची तयारी ठेवावी लागते, हे ज्याला उमजले त्यालाच उद्योग उभारता येतो. अवंतीची कथा अशी दीर्घ झाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये या मोटारींच्या कर्ज व नोंदणी व्यवहारांतील फसवणुकीच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. परंतु ज्या मोटारीची चर्चा वळणावरच्या तोलाविषयी व्हायची, तिची चर्चा कागदपत्रांविषयी होऊ लागली, ही खेदाची गोष्ट खरी.

या साऱ्याशी बुलढाण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे याच महामार्गावर नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी प्राणास मुकले. वेगाचा रस्ता मिळाला म्हणजे वेगाची विद्या मिळाली असे होत नाही. टायरची अवस्था, चालकाची झोप, ओझ्याचा तोल आणि संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग यांचा विचार रसिक आपल्या लाडक्या मोटारीबाबत ज्या काटेकोरपणे करतो, त्याच काटेकोरपणे तो साध्या प्रवासी बसबाबत व्हावयास हवा.

दुसरा संबंध शिक्षणाचा आहे. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विदर्भातील असंख्य मुले पुण्याच्या वाहन कारखान्यांची वाट धरतात. तेथे ते केवळ दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे जोडणी करणार, की तोलाचे गणित स्वतः मांडणार, हे वर्गात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर ठरेल. उड्डाणपुलावर उभा राहून जाणाऱ्या मोटारीचे चित्र मोबाईलवर टिपणाऱ्या मुलास शिक्षकाने दटावू नये. तिचे इंजिन कोठे आहे, तेथेच का आहे, ते कोणी बनवले आणि बिघडले तर कोण दुरुस्त करील, एवढेच त्याला विचारावे. ज्याच्या आजोबांना गाडीत कापूस तोलून भरता येत होता, त्या मुलाला ही उत्तरे शोधणे अवघड जाऊ नये.