लघवीवरचा ताबा आणि आपले मज्जातंतू

ज्या विषयावर चारचौघांत कोणी बोलत नाही, तो आज मुद्दाम घेतला आहे. सहा-सात वर्षांचे मूल रात्री अंथरूण ओले करते म्हणून मार खाते. म्हाताऱ्या माणसाला लघवी धरवत नाही म्हणून घरचे कुरकुरतात. बायका-मुली दिवसभर लघवी दाबून ठेवतात आणि कोणाला सांगत नाहीत. हे सारे समजून घ्यायचे तर शरीरातील कारभार माहीत हवा.

मूत्रपिंडे रक्त गाळून लघवी तयार करतात. ती मूत्राशयात जमते. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. १५० ते २०० मिलिलिटर जमली की पहिली जाणीव होते. पिशवीची भिंत ताणली की मज्जातंतू ती खबर मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला आणि तेथून वर मेंदूला पोचवतात. तोवर पिशवीचे तोंड आवळलेले असते. त्याखालचा एक स्नायू आपण स्वतःच्या इच्छेनेही आवळू शकतो.

मेंदूच्या देठात लघवीचे केंद्र आहे. बॅरिंग्टन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांतून ते दाखवून दिले. या केंद्राचा हुकूम सुटला की पिशवी आकुंचन पावते आणि त्याच वेळी तोंड सैल होते. मात्र कपाळामागचा मेंदूचा भाग या केंद्राला थोपवून धरतो. एसटीत बसलेल्या प्रवाशाला पुढचा थांबा येईपर्यंत दम धरता येतो तो त्यामुळेच.

तान्ह्या बाळात ही वरची हुकमत तयार झालेली नसते. दिवसाचा ताबा बहुधा तीन-चार वर्षांपर्यंत येतो, रात्रीचा त्यानंतर. पाच वर्षांच्या दर शंभर मुलांमागे सुमारे १५ मुले अंथरूण ओले करतात. पिशवी भरल्याची खबर झोपेत त्यांना जागे करू शकत नाही. काहींची रात्री लघवीही जास्त तयार होते. पुष्कळदा आई किंवा वडीलही लहानपणी तसेच असतात. झोपेत घडलेल्या गोष्टीबद्दल मारून, चटके देऊन किंवा ताईत बांधून मज्जातंतू लवकर पक्के होत नाहीत. दिवसा पुरेसे पाणी द्यावे, रात्री कमी द्यावे, झोपण्यापूर्वी लघवीला पाठवावे, शौच साफ होते का पाहावे. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा भिजवू लागले, फार तहान लागली किंवा जळजळ झाली, तर डॉक्टरांना दाखवावे.

मोठ्यांमध्ये जुना मधुमेह मज्जातंतू कमजोर करतो. मग पिशवी भरल्याचे कळत नाही, लघवी पूर्ण सुटत नाही आणि मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. अर्धांगवायूनंतर मेंदूचा लगाम ढिला पडतो व घाईची लागते. पाठीच्या कण्याला मार लागला तर वरखाली जाणारी खबरच तुटते. कंबर दुखत असताना एकाएकी लघवी अडली आणि बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. अशा वेळी उशीर झाल्यास ताबा कायमचा जाऊ शकतो.

राहिला प्रश्न बायकांचा. त्यांचे मज्जातंतू चोख काम करतात, पण जायला जागा नसते. म्हणून त्या पाणीच कमी पितात. लघवी दाट होते व जंतुसंसर्ग होतो. मुंबईत २०११ साली स्त्रियांनी 'राइट टू पी' ही मोहीम उभारली, कारण पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि स्त्रियांकडून पैसे घेतले जात होते. आपल्या वस्तीतील शौचालयाला दार, दिवा आणि पाणी आहे काय, मुलींच्या शाळेतील मुतारीला कुलूप तर नाही ना, हे महिला मंडळांनी जाऊन पाहावे. नसेल तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.