मुळाच्या गाठीपासून विद्यापीठापर्यंत

बी.एस्सी. झालेल्या मुलांचे पुढे काय, असे पालक आम्हांस वारंवार विचारतात. १९८५ साली स्थापन झालेल्या गोवा विद्यापीठात, ताळगावच्या पठारावर, सूक्ष्मजीवशास्त्राची दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. हा विषय आपल्या शेतातलाच आहे. अळसांद्याचे रोप उपटून पाहा. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरून पिकाला देतात. गाठ चिरल्यावर आत गुलाबी दिसली, तर त्यांचे काम चालू आहे असे समजावे. मिठागरांच्या खारट पाण्यात तग धरणारे जिवाणूही येथील संशोधकांनी अभ्यासले आहेत. पुढे पीएच.डी. करणाऱ्यांना ‘नेट’ परीक्षेत वरचे गुण पडल्यास दरमहा संशोधनवृत्ती मिळते, तेव्हा खर्चाच्या धाकाने मुलींना (मुलांना कोणी बसवीत नाही!) घरी बसवू नये. कागदपत्रे मात्र निकालाआधीच काढून ठेवावीत.