बाहेरच्या साहाय्यकाचा शोध

ज्याच्या साहाय्यावर आपलें कार्य अवलंबून आहे, तो घरीं आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, हा व्यवहार संगणकासही लागू पडतो. हास्केल भाषेंत लिहिलेला पॅनडॉक हा प्रोग्राम पीडीएफ करतांना सामान्यतः लाटेकचें साहाय्य घेतो. असा बाहेरचा प्रोग्राम यंत्रावर आहे काय, हें हास्केलमध्यें ‘फाइंड-एक्झिक्यूटेबल’ ह्या क्रियेनें कळतें. ती ‘पाथ’मध्यें नोंदलेल्या स्थळीं शोध करते, सांपडल्यास ‘जस्ट’ ह्या वेष्टनांत पत्ता देते, न सांपडल्यास ‘नथिंग’ असें उत्तर देते. परंतु पत्ता मिळाला म्हणजे कार्य झालें, असें आम्ही मानीत नाहीं. तपासणीनंतर तो प्रोग्राम नाहींसा होऊं शकतो, किंवा त्याची आवृत्ति जुनी निघूं शकते. म्हणून प्रत्यक्ष हांक मारतांनाही अपयशाची तजवीज ठेवावी, असें आम्ही सुचवितों.